बगळ्याने भरतीला केलेली पाहणी

फार मागे, समुद्राला अजून कोणी नाव दिलं नव्हतं तेव्हा, एका खाडीच्या तोंडाशी मुंगळ्यांची छावणी होती. त्यांना कवायतीच्या मैदानासाठी शेजारचा चिखल बुजवायचा होता. पण दंडकच असा, की आधी तिथे कोण राहतं ते पाहून लिहून घ्यायचं. हे काम त्यांनी बगळ्याला दिलं.

बगळा आला तो ऐन भरतीला. चिखल पाण्याखाली, त्यात राहणाऱ्या कुर्ल्या बिळांत. बांधावरूनच मोठ्याने म्हणत त्याने लिहिलं, "इथे कोणी राहत नाही."

कुर्ल्या खूश झाल्या. "त्याने आपल्याला पाहिलं नाही, म्हणजे वाचलो गं बायांनो."

म्हाताऱ्या कुर्लीला मात्र ते पचेना. गिऱ्हाईक भाव न विचारता गोड हसून निघालं, की शहाणा आधी आपला माल चाचपतो. ती म्हणाली, "रोज ओहोटीला येऊन आपल्याला वेचून खाणारा हा, आजच भरतीला का आला? आणि घरच बुजलं तर वाचून करायचं काय?"

ओहोटी लागली. मुंगळ्यांचा सरदार खुंट्या मारायला चिखलात उतरला, पुढे वाट दाखवायला बगळा. म्हातारीने बिळातून नांगी काढली आणि त्याचा पाय गच्च धरला.

"सरदार, सोडवा हो," बगळा कळवळला.

सरदाराने कागद पाहिला, मग पाय पाहिला.

"बगळोजी, इथे तर कोणी राहतच नाही. मग तुम्हाला धरलंय कोणी?"