भिंतीपलीकडचे पाणी

एकदा एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात कामगारांच्या जुन्या चाळीचे अवशेष उघडे पडले. मातीखालून निघाल्या त्या जेमतेम घोट्याएवढ्या भिंती, काही उंबरे आणि सामाईक नळकोंडाळ्याची फरशी. तिच्यावर भांडी टेकून टेकून खळगे पडलेले. खोल्या एकमेकींना पाठ लावून दोन लांब ओळींत बांधल्या होत्या. पुढच्या ओळीची दारे नळाकडे, मागच्या ओळीची विरुद्ध बाजूला.

उत्खननाचा अहवाल एका तरुण शिष्याने लिहिला आणि सहीसाठी वृद्ध गुरूंपुढे ठेवला. गुरूंचे मन एका वाक्यावर अडले : 'नळ प्रत्येक खोलीपासून काही पावलांवरच होता.' नकाशावर ते खरे ठरत होते. तरीही हात सहीकडे जाईना. ही शंका अभ्यासकाची की म्हातारपणाचा हट्ट, हे त्यांचे त्यांनाच कळेना. गिरणी बांधणाऱ्याचा नातू, एक धनाढ्य व्यापारी, तिथे स्मारक उभारणार होता. आजोबांच्या औदार्याची साक्ष म्हणून तेच वाक्य तो दगडावर कोरणार होता आणि स्मारकाची व्यवस्था या शिष्याकडे सोपवणार होता. नोकरीसाठी वर्षानुवर्षे वणवण केलेल्या मुलाचे भवितव्य आता गुरूंच्या सहीवर अडले होते.

अहवाल न्यायला व्यापारी भर दुपारी आला. गुरू मागच्या ओळीतल्या एका खोलीत जमिनीवर जाऊन बसले. नळकोंडाळ्याच्या जागी आता मजुरांसाठी पाण्याचे पिंप ठेवले होते. गुरू शिष्याला म्हणाले, "बाळा, तिथून एक कळशी भरून आण."

शिष्य दोन भिंती ओलांडून क्षणात कळशी घेऊन आला. गुरूंनी पाणी मातीत ओतून दिले.

"पुन्हा आण."

त्याने पुन्हा आणले. गुरूंनी पुन्हा ओतले.

व्यापारी हसला. "इथे तुळससुद्धा नाही, गुरुजी. पाणी कुणाला घालताय?"

गुरूंनी कळशी पुन्हा शिष्याच्या हाती दिली. "आता या भिंती उभ्या आहेत असं समज," ते शिष्याला म्हणाले. "दारातून जा, दारातून ये."

शिष्य निघाला. ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला, वळसा घालून पलीकडे दिसेनासा झाला. परतला तेव्हा तो घामाघूम झाला होता, सदरा सांडलेल्या पाण्याने एका बाजूला भिजला होता आणि कळशी गळ्यापर्यंतही भरलेली नव्हती. ते पाणी गुरूंनी ओंजळीत घेतले आणि प्यायले.

"तुझा नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण भिंत घोट्याएवढी उरली, तेव्हा तू इथे आलास. या खोलीतल्या बाईसाठी ती छपरापर्यंत होती. नळाचा आवाज तिला चुलीपाशी बसून ऐकू येत असेल; पाणी मात्र सगळी ओळ चालल्यावरच मिळत असेल. जे पडून गेलंय ते आपल्याला सहज ओलांडता येतं. म्हणून ते कधी कुणाला आडवं आलंच नाही, असं लिहू नये. मलाही खात्री नव्हती रे. तुझा घाम पाहिला, तेव्हा पटलं."

"पण आजोबांनी नळ दिला होता ना?" व्यापारी म्हणाला.

"दिला होता. तेवढं खुशाल कोरा."

शिष्याने अहवाल मागून घेतला आणि ते वाक्य खोडले. "मग स्मारकासाठी मला दुसरा माणूस शोधावा लागेल," एवढे बोलून व्यापारी निघून गेला.

गुरू शिष्याकडे वळले. "तुझी जागा गेली. मी गप्प बसायला हवं होतं का रे?"

शिष्याने मोजपट्टी उचलली.

"गुरुजी, शौचकुपांचं आणि गिरणीच्या फाटकाचं अंतरही मी भिंती ओलांडूनच मोजलंय."