दुसऱ्या खेपेचा सिनेमा

“पण बुवा, सिनेमा तोच, थेटर तेच, मीही तोच. मग रंगत गेली कुठं?”

हेरंबनं हे तिसऱ्यांदा विचारलं. विश्वनाथबुवा ओसरीवर बसून झांजेत नवी दोरी ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब त्यांचा शिष्य, तरुण कीर्तनकार. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पाठ नव्हतं ते फक्त एका जागी बसणं. सकाळी आल्यापासून तो दारापासून तुळशीपर्यंत येरझाऱ्या घालत होता.

“बस की जरा.”

“बसवत नाही. अकराची एसटी आहे. संध्याकाळी खारवाडीला उभं राहायचंय.”

खारवाडीच्या देवीच्या उत्सवातलं कीर्तन तीस वर्षं बुवांचं होतं. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ते आपणहून हेरंबच्या पदरात टाकलं. हेरंबची अस्वस्थता त्यापायीच होती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी हेरंबनं चिपळूणला एक रहस्यपट पाहिला आणि गडी पुरता भारावला. घरी येऊन त्यानं त्याच साच्यात आख्यान बांधलं. देवीची नथ चोरीला जाते, आणि चोर कोण हे आरतीपर्यंत गुलदस्त्यात. खारवाडी श्वास रोखून बसली. चोर निघाला पुजारी! टाळ्यांचा कडकडाट झाला. हेरंबचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नाहीत.

गेल्या वर्षी त्यानं तेच आख्यान पुन्हा लावलं. देवीची नथ चोरीला गेली मात्र, पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “पुजाऱ्यानंच ढापलीय गो!” तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती बोलली ते सगळ्या देवळानं ऐकलं. हशा पिकला. निम्मे लोक मध्येच उठून चपला शोधायला लागले. मग पंचांचा निरोप आला, आणखी एक वर्ष बघू.

“म्हणून काल तो सिनेमा पुन्हा लागला तसा मुद्दाम पाहिला,” हेरंब म्हणाला. “म्हटलं, त्यांनी कसं बांधलंय ते बघावं. बुवा, सपशेल फुसका! खुनी डॉक्टर आहे, हे मला ठाऊक. मग तो दचकतो, घाम पुसतो… मला हसू यायला लागलं. मागच्या वेळी जिथं खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तिथं काल जांभई आली.”

“हं.”

“त्यांनी मला फसवलं. आणि मी गावाला फसवलं.” तो तुळशीपाशी थांबला. “तुमची जागा माझ्या हातून जाणार, बुवा. मला नवं आख्यान द्या. ज्याचा शेवट कुणालाच ठाऊक नाही असं.”

बुवांनी दोरीला गाठ मारली.

“मेलं कोण?”

“कुठं?”

“तुझ्या सिनेमात.”

“एक बाई. बंगल्यात राहायची.”

“नाव काय तिचं?”

“नाव…”

“घरी कोण कोण होतं तिच्या?”

हेरंबनं डोकं खाजवलं.

“दोनदा पाहिलास ना?”

हेरंब पायरीवर बसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

आत उमाकाकू, बुवांची बायको, नारळ खवत होत्या. खर्र… खर्र… तेवढाच काय तो घरात आवाज.

बुवांनी झांज खाली ठेवली आणि ते हळू आवाजात, चाल न लावता बोलायला लागले. त्यांचं नावाड्याचं जुनं आख्यान. त्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की त्यातला रघू नावाडी परत येत नाही.

“नदीला पूर आलेला. पलीकडच्या काठावर बाळंतीण अडलीय. रघू नुकता पानावर बसला होता. हाक आली तसा उठला. आई म्हणाली, दोन घास खाऊन जा रे. रघू म्हणाला, आलोच. काठावर गेला. होडीच्या दोराला हात घातला…”

बुवा थांबले.

हेरंब वाट बघत राहिला. बुवा पुढे बोलेनात. त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. ओसरीचा खांब त्यानं घट्ट धरला होता.

उमाकाकू दारात आल्या. हाताला खोबरं तसंच. चाळीस वर्षं त्यांनी हे आख्यान ऐकलं होतं.

“अहो, या वेळी तरी जेवू द्या त्याला,” त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपत आत गेल्या.

आतली खर्र… खर्र… पुन्हा सुरू झाली नाही.

“एसटी चुकेल तुझी,” बुवा म्हणाले. “ऊठ. नथेचंच आख्यान लाव. आणि चोर कोण, ते सुरुवातीलाच सांगून टाक.”

हेरंब उठला. पुन्हा बसला.

“सुरुवातीलाच? मग लोक शेवटपर्यंत कशाला बसतील?”

बुवांनी झांज उचलली.

“खवणीचा आवाज येतोय का, ऐक.”