पियानोतला दिवा

खाडीकाठच्या एका गावात बावतीस तुस्कानो नावाचे चष्मेवाले राहत. दुकान सांभाळून त्यांना पियानोचा नाद होता. घरी विजेवर चालणारा छोटा कीबोर्ड होता. खरा पियानो गावात एकच, तोही सभागृहात.

पन्नाशी उलटली तरी बावतीस कधी लोकांसमोर वाजवायला बसले नव्हते. यंदा सभागृहात ऑगस्टमध्ये होणाऱ्या वादनाच्या कार्यक्रमात त्यांचे नाव लागले. त्यांची बायको मार्था इतकी वर्षे एकटीच त्यांचे वादन ऐकत आली होती. तिने सासर-माहेरच्या सगळ्यांना बोलावून ठेवले. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

दुकान उघडण्यापूर्वी बावतीस सभागृहात सरावाला जात. संध्याकाळची वेळ सेलिन लोपीस या निवृत्त परिचारिकेची होती. त्याच कार्यक्रमात त्याही वाजवणार होत्या. संशय घ्यायला बावतीसना एवढे कारण पुरले.

पावसाने जोर धरला तेव्हा एके सकाळी पियानोची खालची फळी त्यांच्या गुडघ्याला कोमट लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. फळीच्या कडेला खरचटल्याच्या खुणा होत्या आणि जवळच केसांचा आकडा पडला होता. बावतीसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मग काय, दोन ओळी वाजवायच्या, थांबायचे आणि पियानोभोवती फेरी मारायची, असा त्यांचा सराव सुरू झाला. सेलिनबाई रस्त्यात हसल्या तर का हसल्या आणि नाही हसल्या तर का नाही, याचा विचार ते दुकानात बसून करत. त्या नादात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा गेला.

मार्था म्हणाली, "अहो, सरळ जाऊन विचारा ना त्यांना."

"विचारलं तर सावध होतील," बावतीस म्हणाले.

सेलिनबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या. बावतीसना वाटले, बाई पळाल्या. त्यांनी फळी काढून पाहिली, तर आत विजेचा एक छोटा दिवा जळत होता. ऊब देऊन तारा बिघडवायच्या आणि ऐन वेळी आपले हसे करायचे, हाच डाव, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी दिवा काढून टाकला आणि फळीला कडी ठोकून कुलूप घातले.

आठवडाभर पाऊस थांबला नाही. पट्ट्या जड चालू लागल्या, तेव्हा आपली बोटे थकली असतील असे समजून बावतीस निर्धास्त राहिले.

कार्यक्रमाला सभागृह भरले. मार्था पहिल्या रांगेत होती. बावतीसनी सुरुवात केली आणि दाबलेली पट्टी वर येईना. दुसरी दाबली, तीही खालीच राहिली. लोक कुजबुजू लागले. बावतीसनी उठून सेलिनबाईंकडे बोट केले. "यांना विचारा, पियानोत काय करून ठेवलंय."

त्या दुपारीच परतलेल्या सेलिनबाई पुढे आल्या आणि पियानोशी वाकल्या. "दमट हवेत लाकूड फुगतं. म्हणून दर पावसाळ्यात मी आत दिवा लावते. तुमचा पहिला कार्यक्रम, म्हणून यंदा रोज बघत होते. हे कुलूप कुणी घातलं?"

मार्था उठली, बावतीसांच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत सेलिनबाईंच्या हातात दिली. त्या दिवशी दोघांचेही वादन झाले नाही. मार्थाने बोलावलेली मंडळी चहा पिऊन घरी गेली.

तात्पर्य: शंका आली तर आधी तोंडाने विचारावे, न विचारता केलेला बंदोबस्त बहुधा आपल्याच कामाचा घात करतो.