छताला टांगलेल्या चटया

पूर्वी चंपानगरीत वसुमान राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने एका ब्राह्मण कुळात जन्म घेतला. त्याचे नाव सुजात ठेवले होते. वयात आल्यावर तो आचार्य दृढकेतूंच्या घरी राहून वैद्यक शिकू लागला.

दृढकेतूंची कीर्ती मोठी होती आणि शिस्त त्याहून मोठी. सकाळी उठल्याबरोबर शिष्यांच्या चटया गुंडाळून दोरीने छताला टांगल्या जात. पाठांतर, औषधे कुटणे, रुग्णांची सेवा, पुन्हा पाठांतर, हे सगळे आटोपेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही. ते बहुधा आटोपतच नसे. आपल्या घरी शिष्यांच्या चटया झिजत नाहीत, हे आचार्य पाहुण्यांना कौतुकाने सांगत. ती दोरी ज्येष्ठ शिष्याच्या, म्हणजे बोधिसत्त्वाच्या ताब्यात असे. राजवैद्याच्या पदासाठीही आचार्य त्याचेच नाव सुचवणार होते.

त्याच घरी कुंडल नावाचा एक शिष्य होता. मोठा हुशार, पण हल्ली त्याचे हात थरथरत, कालचा पाठ आज आठवत नसे, आणि नाकातून रक्त आले की तो ते गुपचूप पुसून पुन्हा खलापाशी बसे. बोधिसत्त्वाने आचार्यांना विनवले की याला विश्रांती द्या, नाहीतर हा हातचा जाईल. आचार्य म्हणाले, आम्हीही असेच शिकलो. ज्याला झेपत नाही त्याला घरची वाट मोकळी आहे.

बोधिसत्त्वाला राग आला. हो, बोधिसत्त्वालाही राग येतो, आणि अशा वेळी तो यावाच. भर दुपारी त्याने दोरी सोडली, सगळ्या चटया ओसरीवर अंथरल्या आणि सर्वांत आधी स्वतः आडवा झाला. बाकीचे घाबरून उभेच राहिले.

"झोपा," तो म्हणाला. "कुणी विचारले तर माझे नाव सांगा."

आचार्य आले तेव्हा ओसरी घोरत होती. त्यांनी बोधिसत्त्वाला उठवले, गाठोडे बांधायला सांगितले आणि राजवैद्यपद विसरायला सांगितले. बोधिसत्त्वाने क्षमा मागितली नाही. जाण्यापूर्वी माझा एक रुग्ण तेवढा तपासावा, एवढेच तो म्हणाला. आपल्या विद्येचा अभिमान असलेला माणूस याला नाही कसे म्हणेल?

ज्या रुग्णांना तोंड दाखवायचे नसे ते पडद्याआड बसून फक्त हात पुढे करत, आणि आचार्य नाडीवरून आजार सांगत. त्या दिवशीही पडद्याआडून एक हात पुढे आला. आचार्यांनी डोळे मिटून नाडी धरली. बऱ्याच वेळाने, अंगणात थांबलेल्या रुग्णांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले.

"याला रोग नाही. याला झोप नाही. ज्याच्या हाताखाली हा राबतो, तो आपल्या बैलालाही असे वागवत नसेल. त्याला सांगा, असेच चालले तर हा मरेल आणि ते पाप त्याच्या माथी बसेल."

बोधिसत्त्वाने पडदा सरकवला. कुंडल बसल्या जागी झोपून गेला होता. हात तेवढा आचार्यांच्या हातात होता.

"सांगितले, आचार्य," बोधिसत्त्व म्हणाला.

आचार्यांनी स्वतः कुंडलाला धरून नेले आणि चटईवर निजवले. बोधिसत्त्वाला जायला सांगितले होते ते मात्र त्यांनी मागे घेतले नाही. मानी माणसाला एका दिवसात एवढेच जमते. राजवैद्यपद दुसऱ्याला गेले. बोधिसत्त्व एका खेड्यात वैद्यकी करू लागला. तिथे तो रोज दुपारी दार उघडे ठेवून झोपे, आणि कुणी नाक मुरडले तर दुसऱ्या दिवशी जरा जास्तच झोपे. इकडे आचार्यांच्या घरच्या चटया पुन्हा कधी छताला गेल्या नाहीत. ती दोरी वासराला बांधायला कामी आली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचे दृढकेतू म्हणजे नवशिक्यांकडून रात्रंदिवस सूत्रे पाठ करवून घेणारे हे आपले ज्येष्ठ भिक्षू, हे स्थविर. सुजात म्हणजे मीच. इथे सद्गुण करुणेचा आहे. पण जी करुणा आपल्याच देहाला दाराबाहेर उभे करते, ती अपुरी. आणि कुंडल म्हणजे मागे खांबाला टेकून झोपलेला तो भिक्षू. स्थविर, त्याला उठवू नका."