कानस निजली राखेत

ओढ्याकाठी लोहाराची भट्टी होती. भट्टीमागे एक बीळ होतं. बिळात टिचकी उंदरी राहायची. तिचं एक पिल्लू होतं, गोळी.

गोळीचे दात अजून इवले होते. ती काकडीची साल तेवढी खायची. भागूमावशी चिंचेखाली काकड्या सोलून विकायची. रोज एक साल टिचकीला टाकायची.

आज मावशी नुसतीच बसली होती. टोपली भरलेली. साल एकही नाही.

"मावशी, मावशी, साल दे. माझी गोळी जेवेना."

"कशी देऊ बाई? सुरी मोडली. रावजीबाबा सुरी करील, तर साल देईन."

टिचकी निघाली. लुटू लुटू, लुटू लुटू.

रावजीबाबा लोहार भट्टीपाशी टेकून बसला होता. हात दमलेले. खांदे दमलेले.

"बाबा, बाबा, सुरी कर. मावशी साल देईना. माझी गोळी जेवेना."

"करतो की. ही जुनी कानस आहे. लोखंड घासून घासून झिजली बिचारी. पोलाद चांगलं, पण वाकडी आहे. ती सरळ होईल, तर सुरी करीन."

लुटू लुटू, लुटू लुटू.

"कानसताई, कानसताई, सरळ हो. बाबा सुरी करीना. मावशी साल देईना. माझी गोळी जेवेना."

"मी फार कडक आहे गं. अशीच ठोकली, तर तडकन मोडेन. आग मला तापवील, तर मऊ होईन. मऊ झाले, तर सरळ होईन."

लुटू लुटू, लुटू लुटू.

"आगबाई, आगबाई, पेट. कानस सरळ होईना. बाबा सुरी करीना. मावशी साल देईना. माझी गोळी जेवेना."

"मी राखेखाली पेंगतेय. भाता वारा घालील, तर पेटेन."

लुटू लुटू, लुटू लुटू.

"भातेराव, भातेराव, वारा घाला. आग पेटेना. कानस सरळ होईना. बाबा सुरी करीना. मावशी साल देईना. माझी गोळी जेवेना."

"फूस," भाता म्हणाला. "पोटात वाराच नाही. सगुणाकाकू दांडा ओढील, तर वारा घालीन."

सगुणाकाकू म्हणजे बाबाची बायको. ती उंबऱ्यात बसली होती. टिचकी गेली. लुटू... लुटू... शेपूट धुळीत ओढत.

"काकू, काकू, दांडा ओढ. भाता वारा घालीना. आग पेटेना. कानस सरळ होईना. बाबा सुरी करीना. मावशी साल देईना. माझी गोळी जेवेना."

काकूने पाय पुढे केला. "टाचेत बाभळीचा काटा मोडलाय. मला काढता येत नाही, बाबाला दिसत नाही. काटा निघेल, तर दांडा ओढीन. आता कुणाकडे जाशील गं?"

टिचकी कुणाकडेच गेली नाही. तिने काटा दातांत धरला. ओढला. कुट. निघाला.

"दात आहेत का चिमटा?" काकू म्हणाली. आणि उठली.

काकू दांडा ओढू लागली. भाता वारा घालू लागला. भस्स फूस, भस्स फूस. आग पेटली. धग धग, धग धग. कानस लाल लाल झाली.

"आता पाणी ओत, बाबा. लवकर गार होईल," टिचकी म्हणाली.

"नको," बाबा म्हणाला. "घाईने गार केली, की पुन्हा कडक. ठोकली, की मोडली. दमलेल्याला निजू द्यावं."

त्याने कानस उबदार राखेत पुरली. निज गं, निज.

कानस निजली. भाता निजला. काकू भिंतीला टेकून निजली. बाबाही डुलला. टिचकीने गोळीला राखेजवळ आणलं. पोटात भूक होती. पण पाठीला ऊब होती. दोघी निजल्या.

ऊन उतरलं. कानस हळूहळू गार झाली. मऊ झाली. ठक ठक, ठक ठक. सरळ झाली. खर्र खर्र, खर्र खर्र. सुरी झाली. बाबाने सुरी पुन्हा लाल केली.

"आता पाजू तिला तुझं पाणी," बाबा म्हणाला. "आता कडक व्हायलाच हवी."

चर्रर्र.

मावशीला सुरी मिळाली. सर सर, सर सर. लांब हिरवी साल निघाली.

गोळी जेवली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

मग टिचकीने चारी पाय पसरले. आता कुणाकडे जायचं राहिलं नव्हतं.