बॅग हलली नाही

"पण उस्ताद, अजून किती जोर लावू?"

निनाद तायडे काकुळतीला आला होता आणि उस्ताद हबीब भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

अकोल्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमागे उस्तादांची बॉक्सिंगची शाळा. शाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक कडुलिंब आणि त्याच्या फांदीला टांगलेली, चिंध्या-वाळू भरलेली बॅग. उस्ताद सत्तरीचे. तरुणपणी त्यांच्या एका ठोशाच्या वाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि त्या साली आमच्या गल्लीत दिवाळी महिनाभर आधी झाली. करंज्या मी स्वतः खाल्ल्यात.

निनाद राज्याच्या निवड चाचणीत तीनदा गुणांवर हरला होता. त्याचे ठोसे लागायचे; पण लागले हे समोरच्याला कळायचंच नाही. येत्या रविवारी शेवटची संधी. पुढल्या साली तो वयात बसणार नव्हता. म्हणून सकाळच्या एसटीने अमरावतीहून आला होता.

"मारून दाखव," उस्ताद म्हणाले.

निनादने मारला. दंडाच्या शिरा फुगल्या, दात करकरले. बॅग थेट वरच्या फांदीपर्यंत गेली. एक कावळा घर सोडून उडाला.

"पाहिलंत? किती लांब गेली!"

"पाह्यलं. ढकलगाडी लय चांगली चालवशीन तू."

निनादचे कान तापले.

उस्ताद हात झटकून उठले. "बॅगच्या मागं उभा राह्य. पोटाशी धर तिले."

ते समोर आले. हात नुसते लोंबत होते, दोरीवर वाळत घातलेल्या बाह्यांसारखे. मग पायाचा चवडा किंचित वळला...

धप्प.

बॅग हलली नाही.

निनादला हसू आलं. "उस्ताद, ही तर हललीच..."

वाक्य पुरं करायला तो श्वास शोधू लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण जमिनीवर बसलोय.

बऱ्याच वेळाने आवाज फुटला. "कसं...?"

"मूठ कवा आवळली म्या?"

"...सुरुवातीला?"

"लागता लागता. तू त बसस्टँडपासून आवळून आला."

निनादने खाली पाहिलं. बसल्या जागीही दोन्ही मुठी घट्ट होत्या.

मग तासभर तो मारत राहिला. हात सैल, खांदा सैल, चवडा वळता. बरेच ठोसे फुसके गेले. उस्ताद शेंगा खात राहिले; एकदाच म्हणाले, "दात सोड."

आणि मग एकदा...

धप्प.

बॅग जागच्या जागी दुमडली. शिवणीतून धूळ उडाली. फांदी करकरली. कावळा मात्र परत येऊन बसला होता, तो बसूनच राहिला.

निनाद हसायला लागला. थांबेचना. उस्तादही हसले, आणि सोललेल्या शेंगदाण्यांतले निम्मे त्याच्यापुढे सरकवले.

दाणे तोंडात टाकता टाकता निनाद एकदम गंभीर झाला.

"उस्ताद, रविवारी हाच ठोसा बसेल ना? पहिल्या फेरीतच? बसलाच पाहिजे हो..."

उस्तादांनी त्याचा हात हातात घेतला. मूठ पुन्हा दगड झाली होती. ते एकेक बोट उघडत गेले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"आज त गुरुवार हाय, बाप्पा."