मिटल्या डोळ्यांचे कपाळ

सन दोन हजार अठरा. तुळशीची लग्ने उरकून मार्गशीर्षाची थंडी पडू लागली होती. तेव्हा एका गावात त्वचारोगाचे एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली सुवार्ता नावाची परिचारिका नुकतीच लागली होती. उमेदीची वर्षे तिने इस्पितळाच्या वॉर्डात काढलेली. कुणाचीही शीर पहिल्या फटक्यात सापडावी, असा हात. आता तिला चेहरे सुधारण्याचे काम शिकायचे होते. त्यासाठी कायमची नोकरी सोडून ती आली होती. परत जायला जागा नव्हती.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "आज आठ्या घालवायची सुई तू टोचायची. आधी खुणा कर. जमलं तर राहशील."

समोर एक बाई होत्या. मुलीचे लग्न महिन्यावर आलेले. कपाळावरच्या आठ्या तेवढ्या घालवायच्या होत्या. सुवार्ताने त्यांना खाटेवर निजवले, डोळे मिटायला लावले आणि पांढऱ्या पेन्सिलीने कपाळावर ठिपके काढले. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. ती मनोमन खूश झाली.

डॉक्टर आले. त्यांनी पाहिले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि सगळे ठिपके पुसून टाकले.

"सर, काय चुकलं?"

त्यांनी बाईंना उठवून खुर्चीत बसवले, चहा मागवला.

"जावई काय करतात?"

"तलाठी आहेत. पण डॉक्टर, सिस्टरनं एवढी रांगोळी काढली, ती आवडली नाही होय तुम्हाला?"

"जेवणाला काय ठेवलंय?"

"मी म्हणते मासवडी. विहीणबाईंना पनीर हवंय! पनीर काय रोज मिळत नाही का?" बाई तावातावाने सांगू लागल्या.

सुवार्ता ट्रे धरून उभी. हा दवाखाना की चावडी? आपण थांबावे की सामान बांधावे? तिला काही कळेना.

तेवढ्यात डॉक्टरांनी बाईंच्या डाव्या भुवईवर अंगठा दाबून धरला. "डोळा मिटा. आता उघडा."

डोळा अर्धाच उघडला.

"अहो, मला धड दिसेना!"

अंगठा निघाला. भुवई वर चढली, कपाळाला आठ्या पडल्या, डोळा उघडला.

डॉक्टर सुवार्ताकडे वळले. "यांची ही पापणी जड आहे. भुवई तिला उचलून धरते, म्हणून आठ्या. या सुईनं कपाळाचे स्नायू सैल पडतात; तू ती टोचली असतीस तर भुवई खाली आली असती. मुलीच्या लग्नात या अर्ध्या डोळ्यानं अक्षता टाकत बसल्या असत्या. मिटल्या डोळ्यांच्या कपाळावर हे दिसत नाही. वॉर्डात तू आडवी माणसं पाहिलीस. इथं येणारं माणूस आजारी नसतं. ते बसतं, बोलतं, भांडतं. त्याला तसंच पाहावं लागतं."

सुवार्ताचा चेहरा उतरला. "मग मी जाऊ, सर?"

"जातेस कुठं? यांचं देणं आहे तुझ्याकडं. काही न विचारता निजवलंस. ते फेड आधी."

कसे फेडायचे, ते त्यांनी सांगितले नाही. ती घोटाळली. मग तिने ट्रे खाली ठेवला आणि स्टूल ओढून बाईंच्या समोर बसली.

"ताई, या आठ्या कधीपासून खुपतात?"

"साखरपुड्याचे फोटो आले ना, तेव्हापासून. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, नवरीची आई रुसलेली दिसते. मी रुसले नव्हते गं. मी लेकीकडं डोळे भरून बघत होते."

बाई बोलत राहिल्या. सुवार्ता त्यांचा चेहरा पाहत ऐकत राहिली. त्या थांबल्या तेव्हा चहा निवला होता.

देणे फिटले.